व्हॉल्व्हचा फोनो प्रीअँप घरी बांधताना: आकडेमोड, पॉवर सप्लाय आणि हमचा बंदोबस्त

फोनो प्रीअँपचं, म्हणजे टर्नटेबलचा इवलासा सिग्नल अँप्लिफायरला पुरेल इतका वाढवणाऱ्या यंत्राचं, सर्किट कागदावर अगदीच किरकोळ दिसतं. एका चॅनेलला तीन ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि ॲनोड असलेले व्हॉल्व्ह), डझनभर रेझिस्टर, सात-आठ कपॅसिटर. ते पाहून हुरूप येतो, सोल्डरिंग आयर्न तापतं, आणि सगळं जोडून रेकॉर्ड लावली की गाण्याच्या आधी हम (मेन्समुळे येणारी घुमणारी गुणगुण) ऐकू येतो. मग माणूस व्हॉल्व्ह बदलतो, महागडे कपॅसिटर टाकतो, आणि हम काही जागचा हलत नाही.

त्याचं मूळ या यंत्राच्या कामातच आहे. रेकॉर्ड कापताना बास दाबलेला आणि ट्रेबल उचललेला असतो. प्रीअँपला नेमकं त्याच्या उलट करायचं असतं. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) वक्रानुसार १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला सुमारे सातपट जास्त गेन (सिग्नलची वाढ) मिळतो. मेन्सची फ्रीक्वेन्सी आणि तिची दुप्पट, दोन्ही याच पट्ट्यात येतात. शिवाय कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या पिकअपमधून) येणारा सिग्नल असतो जेमतेम काही मिलिव्होल्टचा. म्हणून इथे पॉवर सप्लाय आणि ग्राउंड यांना ऑडिओ सर्किटइतकंच, किंबहुना थोडं जास्त महत्त्व देऊन सगळं डिझाइन मांडलं आहे. आकडे सगळे दिले आहेत, पण ते कुठून आले तेही सांगितलंय, म्हणजे तुमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असला तरी तुम्ही अडणार नाही.

हे डिझाइन मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी आहे. मूव्हिंग कॉइलचं आउटपुट साधारण दहापट कमी असतं. त्यासाठी आधी एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावा. पहिल्याच प्रयत्नात व्हॉल्व्हकडूनच तेवढा गेन काढायला जाऊ नका.

आधी जिवाचं

यात ३०० व्होल्टच्या वर डीसी आहे. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. उघड्या चॅसिसवर मोजताना एक हात खिशात ठेवा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. कपॅसिटर रिकामा करायला स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १० किलोओम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा आणि रिकामा झाला की नाही ते दर वेळी मीटरने बघा. ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट मेन्स रेक्टिफाय करणारं कुठलंही सर्किट दिसलं तर तिथून पुढे वाचूही नका. मेन्सची जोडणी कधीच केली नसेल तर तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या, किमान तपासून घ्या.

काय काय लागेल

- १२एएक्स७ (म्हणजेच ईसीसी८३) दोन, १२एयू७ (ईसीसी८२) एक, आणि तीन नऊ-पिनी सॉकेट
- ट्रान्सफॉर्मर: २३० व्होल्ट, ५० मिलिअँप आणि १५ व्होल्ट, १.२ अँप अशा दोन सेकंडरी असलेला
- यूएफ४००७ किंवा १एन४००७ डायोड, हीटरसाठी ३ अँपचा ब्रिज, एलएम३१७ आणि त्याचा हीटसिंक
- ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक: ४७ मायक्रोफॅरडचे तीन, १०० मायक्रोफॅरडचे दोन
- मेटल फिल्म रेझिस्टर, १ टक्का, सिग्नलच्या जागी शक्यतो १ वॉटचे
- पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन कपॅसिटर
- दोन धातूचे डबे, एक सप्लायसाठी आणि एक ऑडिओसाठी
- मल्टिमीटर (१००० व्होल्ट रेटिंगचा), जमल्यास एलसीआर मीटर, आणि सिरीज बल्बची जोडणी (मेन्सच्या मार्गात लावलेला साधा बल्ब, शॉर्ट असेल तर तो करंट आवरतो)

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तरी काम होतं. एलसीआर मीटर मात्र मिळवाच, मित्राचा चालेल. पायरी ३ मध्ये त्याची गरज पडते.

१. गेन ठरवा

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज सर्वसाधारण पातळीला ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. पुढच्या अँप्लिफायरला अर्धा व्होल्ट मिळाला की पुरे. म्हणजे १ किलोहर्ट्झला शंभरपट ते दीडशेपट गेन, ४० ते ४३ डेसिबल. यापेक्षा जास्त गेनचा मोह नको. जास्तीचा गेन म्हणजे जास्तीचा खरखराट.

रचना अशी: पहिली स्टेज, मग पॅसिव्ह आरआयएए जाळी, मग दुसरी स्टेज, आणि शेवटी कॅथोड फॉलोअर (गेन न देता केबल पेलणारी स्टेज). फीडबॅकमधून आरआयएए साधणारी सर्किटंही चांगली असतात, पण त्यात काही बिघडलं तर नेमकं कुठे बिघडलं ते नवख्याला शोधता येत नाही. पॅसिव्ह जाळीत प्रत्येक तुकडा वेगळा मोजता येतो.

प्रत्येक चॅनेलला एक १२एएक्स७, त्याच्या दोन अर्ध्यांत दोन स्टेज. १२एयू७ दोन्ही चॅनेलमध्ये वाटलेला, एकेक अर्धा एकेका कॅथोड फॉलोअरला.

एक सापळा इथेच सांगतो. १२एएक्स७ च्या जागी ६डीजे८ बसतो असं कुणी म्हणेल. सॉकेटमध्ये बसतो, हे खरं. पण त्याचा हीटर फक्त ६.३ व्होल्टचा आणि पिन ४-५ वरच असतो; पिन ९ ही आतल्या पडद्याची. आपल्या १२.६ व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो लावलात तर हीटर गेलाच म्हणून समजा.

२. पहिली स्टेज

ॲनोडला १०० किलोओम, कॅथोडला १.५ किलोओम, आणि २५० व्होल्टचा सप्लाय. या जोडीला १२एएक्स७ मधून सुमारे ०.८६ मिलिअँप वाहतो. त्यावरून कॅथोडवर १.३ व्होल्ट आणि ॲनोडवर १६५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. हे दोन आकडे लिहून ठेवा, पुढे तपासणीला लागतील.

कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. त्यामुळे या स्टेजचा पूर्ण गेन मिळतो, साधारण ५८ ते ५९ पट. कमी व्हॅल्यू घेतली तर बास खाली ढासळतो. ४७ मायक्रोफॅरडला तो उतार ४-५ हर्ट्झच्या आसपासच सुरू होतो, म्हणून मी तिथे कंजुषी करत नाही.

इनपुटला ४७ किलोओम ग्राउंडला, आणि ग्रिडच्या पिनवर चिकटून २२० ओमचा स्टॉपर (सिग्नलच्या मार्गातला रेझिस्टर). बस. इथे बरेच जण आणखी एक १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावतात, कारण कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात तसं लोडिंग लिहिलेलं असतं. पण तो आकडा एकूण कपॅसिटन्सचा असतो. टोनआर्मची केबल स्वतःच १०० पिकोफॅरडच्या पुढे असू शकते. शिवाय व्हॉल्व्हच्या ग्रिड आणि ॲनोडमधले १.७ पिकोफॅरड, गेनमुळे साठपट होऊन, आणखी जवळपास १०० पिकोफॅरड घालतात. म्हणजे काहीही न लावता तुम्ही २०० च्या वर पोचलेलेच असता. केबल छोटी ठेवा आणि तो जादा कपॅसिटर डब्यातच राहू द्या.

३. आरआयएए जाळी

इथे घाई करू नका. आरआयएएचे तीन टाइम कॉन्स्टंट आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. त्यांच्या फ्रीक्वेन्सी ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ.

जाळीची मांडणी: सिग्नलच्या मार्गात आर१. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला दोन फांद्या. एका फांदीत आर२ आणि सी१ एकापुढे एक, दुसरीत एकटा सी२. या मांडणीचं गणित सोडवलं की चार गुणाकार मिळतात:

आर१ × सी१ = २१८७
आर१ × सी२ = ७५०
आर२ × सी१ = ३१८
आर२ × सी२ = १०९

सगळे मायक्रोसेकंदात. सोय अशी की किलोओमला नॅनोफॅरडने गुणलं की उत्तर थेट मायक्रोसेकंदात येतं.

कपॅसिटर ठरावीक व्हॅल्यूंमध्येच मिळतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. सी१ = १० नॅनोफॅरड घेऊ. मग आर१ = २१८.७ किलोओम, आर२ = ३१.८ किलोओम, सी२ = ३.४३ नॅनोफॅरड.

आता मुख्य सापळा. आर१ म्हणजे तुम्ही सोल्डर करता तो रेझिस्टर नव्हे. जाळीला मागे-पुढे जे जे दिसतं ते सगळं त्यात धरायचं. मागे पहिल्या स्टेजचा आउटपुट इंपीडन्स आहे: व्हॉल्व्हचा आतला रोध या करंटला ७० किलोओमच्या आसपास, त्याला समांतर ॲनोडचा १०० किलोओम, मिळून ४१ किलोओम. पुढे दुसऱ्या स्टेजचा ग्रिड लीक (ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर) आहे, १ मेगओम. म्हणजे आपला रेझिस्टर अधिक ४१, आणि या बेरजेला समांतर १००० किलोओम, याचं उत्तर २१८.७ यायला हवं. उलट सोडवलं की बेरीज २८० येते, आणि रेझिस्टर २३९. बाजारात २४० किलोओम मिळतो. झालं.

हे न करता कागदावरचा २१८.७ थेट लावला तर आर१ प्रत्यक्षात २०० किलोओमच्या जवळ जातो, आणि सगळा वक्र सरकतो. दुसऱ्याच व्हॉल्व्हसाठी काढलेली जाळी उचलून आपल्या सर्किटला लावली की हेच होतं. आवाज येतो, पण कुठेतरी पातळ किंवा बोजड वाटतो, आणि दोष बिचाऱ्या कार्ट्रिजला मिळतो.

सी२ चंही तसंच. दुसऱ्या स्टेजचा गेन आपण ३१ पट ठेवणार आहोत, त्यामुळे तिच्या ग्रिडवर ५५ पिकोफॅरड आपोआप येतात, वायरिंगचे वीस-पंचवीस धरा, एकूण ८० च्या घरात. म्हणून प्रत्यक्षात ३.३ नॅनोफॅरड आणि त्याला समांतर ४७ पिकोफॅरड. हा छोटा कपॅसिटर एनपीओ प्रकारचा सिरॅमिक चालेल. साधे सिरॅमिक मात्र या जाळीत नकोत. त्यांची व्हॅल्यू व्होल्टेज आणि तापमानाबरोबर हलते.

आर२ साठी ३० आणि १.८ किलोओम एकापुढे एक. सी१, सी२ विकत घेताना चार-सहा जास्तीचे घ्या, एलसीआर मीटरवर मोजा आणि दोन्ही चॅनेलसाठी जुळणाऱ्या जोड्या लावा. एका चॅनेलचा वक्र आदर्शापासून अर्धा डेसिबल हलला तर कानाला क्वचितच कळतं. दोन चॅनेल एकमेकांपासून हलले की गाणारा मधून बाजूला सरकतो. त्यामुळे अचूक व्हॅल्यूपेक्षा जोडी जुळवण्याला मी आधी महत्त्व देतो.

पहिल्या ॲनोडपासून २४० किलोओमपर्यंत ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कपलिंग कपॅसिटर. जाळीतले कपॅसिटर २५० व्होल्टचे असले तर चालू होतानाचा धक्का सहज सोसतात.

७८ च्या लाखेच्या तबकड्या वाजवायच्या असतील तर एवढं ध्यानात ठेवा की त्यांतल्या बहुतेक आरआयएएच्या आधीच्या आहेत आणि प्रत्येक कंपनीचा वक्र निराळा होता. त्यासाठी स्विच लावून वेगळ्या जाळ्या कराव्या लागतात. पहिल्या बांधणीत तो पसारा नको.

४. दुसरी स्टेज आणि कॅथोड फॉलोअर

दुसरी स्टेज पहिलीसारखीच, फक्त कॅथोडच्या १.५ किलोओमला कपॅसिटर लावायचा नाही. गेन ५९ वरून ३१ वर येतो आणि डिस्टॉर्शनही कमी होतं. एकूण हिशोब: पहिली स्टेज ३५.४ डेसिबल, जाळीत २२ डेसिबलचा तोटा, दुसरी २९.९, फॉलोअरमध्ये अर्ध्या डेसिबलच्या थोडं वर जातं. हाती उरतात ४२ ते ४३ डेसिबल. ४ मिलिव्होल्टचे अर्ध्या व्होल्टच्या वर.

पण या स्टेजचा आउटपुट इंपीडन्स ७० किलोओमच्या घरात जातो. केबल लावली की ट्रेबल गळणार. म्हणून १२एयू७ चा कॅथोड फॉलोअर. त्याची ग्रिड दुसऱ्या ॲनोडला १ किलोओममधून थेट जोडायची, मध्ये कपॅसिटर नाही. कॅथोडला ४७ किलोओम, २ वॉट. कॅथोड साधारण १८० व्होल्टवर बसतो, म्हणजे सुमारे ३.८ मिलिअँप. आउटपुट इंपीडन्स एक किलोओमच्या आत येतो.

या थेट जोडणीत एक खोच आहे. स्विच दाबल्यावर एचटी (ॲनोडला लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) लगेच उभा राहतो, पण व्हॉल्व्ह गार असतात. दुसऱ्या स्टेजमधून करंट नाही, म्हणून तिचा ॲनोड आणि त्याबरोबर फॉलोअरची ग्रिड पूर्ण २७० च्या वर जाते. फॉलोअरचा कॅथोड मात्र शून्यावर. व्हॉल्व्हच्या आत मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीत एवढं व्होल्टेज उभं राहतं, ठिणगी पडू शकते, आणि असं रोज झालं तर व्हॉल्व्ह लवकर संपतो. उपाय: एक १एन४००७ डायोड, त्याच्या ॲनोडचं टोक व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या पिनला आणि पट्टीचं टोक कॅथोडच्या पिनला, थेट सॉकेटवर. चालू होताना तो कॅथोडला ग्रिडबरोबर वर ओढून नेतो. व्हॉल्व्ह तापले की कॅथोड ग्रिडपेक्षा दोनेक व्होल्ट वर जातो, डायोड उलटा होतो आणि गप्प बसतो. उलटा लावलात तर सर्किट चालणारच नाही, त्यामुळे पट्टी दोनदा बघा.

आउटपुटला १ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, आणि त्यापुढे ग्राउंडला १ मेगओम. पुढचा अँप्लिफायर १० किलोओम इनपुटचा असेल तर इथे २.२ ते ४.७ मायक्रोफॅरड घ्या.

५. एचटी सप्लाय

आधी करंट मोजा. एका चॅनेलला ०.८६ अधिक ०.९५ अधिक ३.८, दोन्ही मिळून ११ मिलिअँपच्या थोडं वर. पायरी ६ मधल्या डिव्हायडरचा एक धरला की १२ झाले.

२३० व्होल्टची सेकंडरी, चार डायोडचा ब्रिज, आणि पहिला ४७ मायक्रोफॅरड. तिथे ३२५ व्होल्ट मिळतात. या कपॅसिटरवर २२० किलोओम, २ वॉटचा ब्लीडर कायमचा जोडा. त्याचं काम फक्त बंद केल्यावर सप्लाय रिकामा करणं. त्यालाही चार-पाच मिनिटं लागतात.

मग २.२ किलोओम (२ वॉट) आणि १०० मायक्रोफॅरड, पुन्हा २.२ किलोओम आणि १०० मायक्रोफॅरड. १२ मिलिअँपला ५५ व्होल्ट पडतात, उरतात २७०. हा दुसऱ्या स्टेजचा आणि फॉलोअरचा सप्लाय. इथून प्रत्येक चॅनेलला वेगळा २२ किलोओम आणि ४७ मायक्रोफॅरड, की पहिल्या स्टेजला २५० मिळाले. शेवटची पायरी दोन्ही चॅनेलला एकत्र करू नका. सप्लायमधून होणारा क्रॉसटॉक (एका चॅनेलचा सिग्नल दुसऱ्यात शिरणं) तिथेच अडतो.

रिपलचा (डीसीवर उरलेल्या लहरीचा) हिशोब ५० हर्ट्झच्या मेन्सवर करून बघू. ब्रिजनंतर रिपल १०० हर्ट्झचा. ब्लीडर धरून १४ मिलिअँप, ४७ मायक्रोफॅरडवर, म्हणजे ३ व्होल्ट पीक-टू-पीक. २.२ किलोओम आणि १०० मायक्रोफॅरडची प्रत्येक पायरी त्याला १३८ ने भागते. दोन पायऱ्यांनंतर ०.१५ मिलिव्होल्ट, आणि २२ किलोओमच्या पायरीनंतर मायक्रोव्होल्टच्याही आत. पहिल्या स्टेजला एवढीच स्वच्छता हवी, आणि ती स्वस्तातल्या रेझिस्टर-कपॅसिटरनी मिळते. चोक, व्हॉल्व्ह रेक्टिफायर, एचटी रेग्युलेटर यांची हौस असेल तर जरूर करा. या करंटला त्यांची गरज नाही.

कपॅसिटर सगळे ४५० व्होल्टचे का? हीटर गार असताना करंट शून्य, म्हणून सगळ्या पायऱ्यांवर तेच व्होल्टेज. बिनभाराचा छोटा ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त देतो. त्यात मेन्सही वर असेल तर ३९० सहज दिसतात. ३५० चा कपॅसिटर तिथे फार दिवस काढणार नाही.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज वेगळं असेल तर फक्त २.२ किलोओमच्या जागचे रेझिस्टर बदला: (मिळालेलं व्होल्टेज वजा २७०) भागिले १२ मिलिअँप, आणि उत्तर दोघांत वाटून द्या.

६. हीटर सप्लाय

तिन्ही व्हॉल्व्ह १२.६ व्होल्टला, पिन ४ आणि ५ वर, पिन ९ मोकळी. प्रत्येकी १५० मिलिअँप, एकूण ४५०.

१५ व्होल्टची सेकंडरी, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड (३५ व्होल्ट), मग एलएम३१७. आउटपुट आणि ॲडजस्टमध्ये २४० ओम, ॲडजस्टपासून खाली २.२ किलोओम, मिळतात १२.७ व्होल्ट. अडीच वॉट उष्णता पडते, हीटसिंक हवाच. ४५० मिलिअँप डीसीसाठी सेकंडरी १.२ अँपची का, असं वाटेल. कपॅसिटर झटक्याझटक्यात चार्ज होतो, त्यामुळे वाइंडिंगमधला आरएमएस करंट डीसीच्या जवळपास पावणेदोनपट असतो. अर्ध्या अँपचा घेतलात तर तो भाजून निघेल.

आता महत्त्वाचं: या सप्लायचं कुठलंही टोक ग्राउंडला जोडायचं नाही. फॉलोअरचा कॅथोड १८० व्होल्टवर आहे, आणि हीटर-कॅथोडमधलं इन्सुलेशन तेवढ्या ताणाला सीमेवर येतं. म्हणून हीटर सप्लायचं ऋण टोक ५५ व्होल्टवर उचलून ठेवा: २७० पासून २२० किलोओम, ग्राउंडला ५६ किलोओम, मधल्या बिंदूवर २२ मायक्रोफॅरड, १०० व्होल्ट, आणि तिथे हीटरचं ऋण. फॉलोअरचा ताण १२५ वर येतो, आणि पहिल्या स्टेजला हीटरकडून होणारी गळतीही घटते.

एलएम३१७ ची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते. अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा न घालता ती चॅसिसवर कसलीत तर हे सगळं उचलणं वाया गेलं. कसल्यावर मीटरने खात्री करा.

७. ग्राउंड आणि जोडणी

सप्लाय वेगळ्या डब्यात, ऑडिओपासून अर्धा-एक मीटर लांब. मधल्या केबलच्या प्लगांत सप्लायच्या बाजूला भोकांचा सॉकेट हवा, उघड्या पिना नकोत. सुटलेल्या प्लगवर ३०० व्होल्ट उघडे पडता कामा नयेत.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो पहिल्या कपॅसिटरपाशी. ब्रिजचं ऋण आणि पहिल्या ४७ मायक्रोफॅरडचं ऋण आधी एकमेकांना जाड, आखूड वायरने जोडा. त्या वायरमधून चार्जिंगचे मोठे झटके वाहतात. ऑडिओकडे जाणारं ग्राउंड या वायरच्या मधून घ्यायचं नाही. ते शेवटच्या कपॅसिटरच्या ऋणापासून निघालं पाहिजे. क्रम असा: ब्रिज, पहिला कपॅसिटर, दुसरा, तिसरा, आणि मग ऑडिओ. ऑडिओ डब्यातही तोच क्रम उलट दिशेने चालू ठेवा: फॉलोअर आधी, दुसरी स्टेज, पहिली स्टेज, सगळ्यात शेवटी इनपुट. इनपुटपाशी एकाच जागी ग्राउंड चॅसिसला. इनपुट-आउटपुटचे सॉकेट चॅसिसपासून इन्सुलेटेड हवेत. टर्नटेबलच्या ग्राउंड वायरसाठी एक स्क्रू टर्मिनल, तेही चॅसिसलाच.

दोन्ही डबे मेन्सच्या अर्थला पक्के जोडलेले हवेत. अर्थ काढला की हम जातो, असा सल्ला तुम्हाला मिळेल. हम जातो कधीकधी, पण फॉल्ट झाला की डबा फेजवर उभा राहतो. अर्थ काढून हम घालवणं हा उपाय नाही.

इनपुटच्या शील्डेड वायरचं धातूचं आवरण फक्त एका टोकाला जोडा. ग्रिडला येणाऱ्या वायरी आखूड, हीटरच्या वायरी पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून.

८. पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्व्ह न लावता, सिरीज बल्बमधून फक्त सप्लाय द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. उजळलेलाच राहिला तर बंद करा आणि शॉर्ट शोधा. मग एचटी मोजा (बिनभार, म्हणून जास्तच दिसेल) आणि हीटर टर्मिनलमधलं १२.७.

सगळं बंद, रिकामं, मीटरने खात्री. आता व्हॉल्व्ह लावून, बल्ब काढून चालू करा आणि अर्धा मिनिट थांबून मोजा: २७० च्या जागी २६० ते २८५, पहिला ॲनोड १५० ते १८०, कॅथोड १.१ ते १.५, फॉलोअरचा कॅथोड दुसऱ्या ॲनोडपेक्षा दोनेक व्होल्ट वर. कॅथोडवर शून्य आणि ॲनोडवर पूर्ण एचटी म्हणजे व्हॉल्व्हमधून करंट नाही: हीटर पेटलाय का बघा, कॅथोडचा सोल्डर बघा.

स्पीकरचा अँप्लिफायर या टप्प्यावर जोडायचा नाही. पुढेही सवय ठेवा: आधी प्रीअँप, मिनिटभराने पॉवर अँप, बंद करताना उलट.

९. वक्र तपासा

सिग्नल जनरेटरचा आउटपुट १०० किलोओम आणि ४७० ओमच्या डिव्हायडरमधून इनपुटला द्या, म्हणजे १ व्होल्टचे ५ मिलिव्होल्टच्या खाली होतात. १ किलोहर्ट्झला जे आउटपुट येईल ते शून्य डेसिबल धरा. २० हर्ट्झला +१९.३, १००ला +१३.१, ५००ला +२.६, १० किलोहर्ट्झला −१३.७ आणि २० किलोहर्ट्झला −१९.६ यायला हवं. खालचा भाग बरोबर आणि वरचा चुकलेला असेल तर सी२ बघा. ५० ते ५०० मध्ये चुकत असेल तर सी१ किंवा आर२. संगणकाच्या साउंड कार्डने मोजत असाल तर प्रीअँप तापून स्थिर झाल्यावरच केबल लावा, चालू होतानाचा धक्का कार्डला झेपत नाही.

१०. तरीही हम असेल तर

इनपुटला शॉर्ट केलेला प्लग लावा. हम गेला तर दोष टर्नटेबल, केबल किंवा ग्राउंड वायरचा. राहिला तर आवाज ऐका. गोल, जड आवाज मेन्सच्याच फ्रीक्वेन्सीचा: ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. सप्लायचा डबा हातभर सरकवा, फिरवा. आवाज बदलला तर गुन्हेगार सापडला. दुप्पट फ्रीक्वेन्सीचा गुळगुळीत आवाज एचटीच्या रिपलचा. आणि करकरीत, धारदार बझ असेल तर पायरी ७ मधली ब्रिज ते पहिला कपॅसिटर ही वायर पुन्हा बघा, नव्वद टक्के शंका मी तिथेच घेतो.

हम संपल्यावर जो सळसळाट उरतो तो पहिल्या व्हॉल्व्हचा. १२एएक्स७ तीन-चार असतील तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकी टिचकी मारून ऐका. जो कमी घणघणतो आणि कमी सळसळतो त्याची जोडी प्रीअँपला, बाकीचे गिटार अँपवाल्या मित्राला.